यात्रेकरूची भूक आणि पंचक्रोशीचा रुपया

बीडहून सोलापूरच्या दिशेने जाणारा हमरस्ता मांजरसुंब्याच्या परिसरात सोडून बालाघाटच्या डोंगरांत आत वळले की कपिलधार लागते. सोळाव्या शतकातील वीरशैव संतकवी, ‘परमरहस्य’कार मन्मथस्वामी यांची समाधी येथे आहे. शेजारच्या कड्यावरून पडणाऱ्या धारेने या स्थानाला नाव दिले आहे. कार्तिकी पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते. लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांतून, तसेच कर्नाटक व तेलंगणाच्या सीमाभागांतून दिंड्या पायी चालत येतात. यात्रा जवळ आली की रस्ते, वाहनतळ, पाण्याचे टँकर आणि पोलीस बंदोबस्त यांविषयी बैठका होतात, व त्या व्हावयासच हव्यात. परंतु एवढा मोठा समाज चालता चालता, उभ्या उभ्या, दोन जेवणांच्या मधल्या वेळेत जे काही खातो, त्याचा विचार कोणत्याही बैठकीच्या विषयपत्रिकेवर सहसा येत नाही. चटकमटक खाणे हा जणू गंभीर माणसांनी लक्ष घालण्याचा विषयच नव्हे, अशी आपली समजूत आहे. वस्तुतः यात्रेकरूच्या खिशातून स्वखुशीने बाहेर पडणाऱ्या पैशाचा बराचसा भाग याच खाण्यावर खर्च होतो. तो पैसा पुढे कोठे जातो, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे आणि तो किरकोळ नाही.

जेवणाची चिंता या यात्रेत यात्रेकरूला फारशी पडत नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी ‘कायक’ आणि ‘दासोह’ या दोन कल्पना मांडल्या. श्रम हीच पूजा, आणि श्रमातून मिळालेल्यातील वाटा समाजाला देणे हे कर्तव्य, असा त्यांचा थोडक्यात आशय सांगता येईल. त्या परंपरेला अनुसरून दिंडीच्या वाटेवरील गावे पंगती घालतात आणि स्थानावरही अन्नदान चालते. म्हणजे पोटभर जेवण बहुधा बाजाराबाहेर आहे. बाजाराच्या वाट्याला येते ती मधली भूक: सकाळी चालावयास सुरुवात करण्यापूर्वीचा चहा आणि त्याबरोबरचे काहीतरी, चढ चढून आल्यावरचे तोंडात टाकणे, मुलांचा हट्ट, परतीच्या गाडीतले खाणे, आणि घरी नेण्याचा खाऊ. दासोहाने जेवण सांभाळले आहे. या मधल्या भुकेत कायकाला कितपत जागा आहे, हे पाहावयाचे आहे.

मराठवाड्यातील कोणत्याही यात्रेत फिरले तर पालांच्या रांगांत दोन वेगवेगळी जगे शेजारी शेजारी मांडलेली दिसतात. एक जग जुने आहे. गोडीशेवेचे ढीग, रेवड्या, बत्तासे, चुरमुरे, फुटाणे, खारे शेंगदाणे, भेळभत्ता, कढईतून निघणारी जिलेबी. हे विकणारे बहुधा पिढ्यान्‌पिढ्या एका यात्रेतून दुसऱ्या यात्रेत जाणारे असतात, आणि त्यांची वर्षाची सारी दिनदर्शिका पौर्णिमा-अमावास्यांवर बेतलेली असते. दुसरे जग अलीकडचे आहे. वडापाव, भजी, तळलेल्या नळ्या, आणि दोरीला टांगलेल्या पाकिटांच्या रंगीबेरंगी माळा. पावसाळ्यात धबधबा पाहावयास येणारा तरुण वर्ग आणि श्रावण सोमवारी येणारा भाविक यांच्यासाठीही हेच दुसरे जग उभे राहते. त्यात उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची भर पडते, एवढाच फरक.

या दुसऱ्या जगाचे एक लक्षण असे, की दहा गाड्यांवर दहा पदार्थ मिळण्याऐवजी दहाही गाड्यांवर तोच एक वडापाव मिळतो. हे विक्रेत्यांच्या कल्पनाशून्यतेमुळे होते असे मानणे अन्यायाचे होईल. हॅरल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९२९ सालीच दाखवून दिले होते, की एका रस्त्यावरील दोन दुकानदार गिऱ्हाइकाच्या ओढीने शेवटी एकमेकांच्या शेजारी येऊन बसतात आणि त्यांचा मालही एकसारखा होत जातो. ज्याच्याजवळ भांडवल थोडे आणि दिवस मोजके, तो नव्या पदार्थाचा धोका पत्करीत नाही. शेजाऱ्याचे जे खपले तेच तो दुसऱ्या दिवशी तळतो. वडापाव हा तर १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर गिरणगावाच्या घाईतून जन्मलेला पदार्थ. ज्याला थांबावयास वेळ नाही अशा कामगाराची ती सोय होती. बालाघाटच्या डोंगरात दोन दिवस मुक्कामाला आलेल्या माणसाची भूक निराळी आहे, परंतु उत्तर मात्र तेच दिले जाते.

या भागाजवळ प्रवासाच्या खाण्याची स्वतःची विद्या नाही असे थोडेच आहे! उलट, ती इतकी पक्की आहे की तिची दखल घेण्याचे कोणाला सुचले नाही. दशमी घ्या. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवावयाचे, की भाकरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत मऊ राहते. धपाटे घ्या. ज्वारीच्या पिठात थोडे बेसन, थोडी कणीक, लसूण, तिखट, हळद, ओवा, तीळ घालून ओल्या फडक्यावर थापलेले हे धपाटे दोन दिवसांच्या वाटचालीत विटत नाहीत, आणि दही मिळाले तर उत्तमच, न मिळाले तर नुसत्या ठेच्याबरोबरही पोट भरते. सीमाभागाकडील कडक भाकरी तर पापडासारखी वाळलेली असते, आणि ती महिनाभर डब्यात राहिली तरी बिघडत नाही. सोबतीला कारळाची, जवसाची, तिळाची, शेंगदाण्याची चटणी. भाजून कुटलेल्या गळिताच्या धान्यात पाण्याचा अंश जवळजवळ नसतो, म्हणून ती टिकते. त्यातील तेलामुळे कोरडी भाकरी घशाखाली उतरते आणि अंगात बळही येते. चुरमुरे भिजवून फोडणीस टाकलेला सुशीला हा पाच मिनिटांत होणारा नाश्ता. अन्नशास्त्राच्या पुस्तकात टिकाऊपणा, पोषण आणि वहनसुलभता या नावाखाली जे गुण शिकविले जातात, ते सर्व या शिदोरीत एकत्र आले आहेत.

परंतु शिदोरी ही विक्रीची वस्तू कधीच नव्हती. ती घरातून बांधून निघावयाची, आणि ती बांधणारी व्यक्ती बहुधा पहाटे तीनला उठत असे. शिदोरी गेली म्हणून हळहळणाऱ्या लेखांची मराठीत वाण नाही. ते लेख लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी आयुष्यात एक दशमी थापली असेल, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. एस. टी. आली, प्रवासाचे दिवस कमी झाले. राज्य शासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस. टी. चा प्रवास विनामूल्य केला आणि मार्च २०२३ मध्ये स्त्रियांना निम्मे भाडे लागू केले. त्यामुळे पूर्वी जी स्त्री दुसऱ्यांसाठी शिदोरी बांधून देत असे, ती आता स्वतः प्रवासाला निघते. तिने पहाटे तीनला उठू नये, हे योग्यच आहे. मात्र त्यामुळे जी मागणी घराबाहेर पडली, ती कोणी पुरवावयाची? दात नसलेला वृद्ध, मधुमेही गृहस्थ, लहान मूल बरोबर असलेली माता, यांच्यासाठी तेलात तळलेला पाव हे उत्तर नव्हे, आणि पाकिटातील मिठाळ नळ्या तर नव्हेतच.

आता एका वडापावचा हिशेब मनाशी मांडून पाहावा. त्यातील बटाटा बाहेरचा. पाव मैद्याचा, आणि मैदाही बाहेरचा. बेसन कदाचित मराठवाड्यातील हरभऱ्याचे असेल. तेल बहुतेक वेळा पामतेल. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो, आणि त्यात पामतेलाचा वाटा सर्वांत मोठा आहे. ते मुख्यतः इंडोनेशिया व मलेशिया या देशांतून येते. या तेलाचा इतिहासही मोठा गमतीदार आहे. पामतेलाचे झाड मूळचे आफ्रिकेतील. १८४८ साली डच राज्यकर्त्यांनी जावा बेटावरील बोगोरच्या वनस्पती-उद्यानात त्याची चार रोपे लावली. त्यांपैकी दोन रोपे ॲमस्टरडॅमच्या उद्यानातून आली होती. १९११ पासून सुमात्रात त्याचे मोठे मळे उभे राहिले. बालाघाटात तळल्या जाणाऱ्या भज्याचे तेल अशा रीतीने डच वसाहतवादाशी नाते सांगते. आणि याच मराठवाड्यात एके काळी करडई, कारळ, जवस, तीळ ही रब्बी-खरिपाची तेलबियांची पिके घरोघरी होती! करडईच्या तेलाचा वास आवडणारी पिढी अद्याप हयात आहे, परंतु करडईचे क्षेत्र आक्रसत गेले आहे.

साबुदाण्याची कथा निराळी नाही. तो तामिळनाडूतील सेलम परिसरातून येतो. बंद पाकिटे तर कारखान्यातूनच येतात. यात्रेकरूने दिलेल्या रुपयातील विक्रेत्याची मजुरी आणि थोडा नफा एवढाच भाग, विक्रेता स्थानिक असला तर, पंचक्रोशीत उरतो. बाकीचा भाग त्याच दिवशी डोंगर उतरून जातो. तेच दहा रुपये धपाट्यावर खर्च झाले तर ज्वारी पिकविणारा, ती दळणारा, चटणी कुटणारी आणि धपाटे थापणारी हे सर्व कपिलधारेपासून एका दिवसाच्या चालीच्या आत सापडू शकतात. अर्थशास्त्रात ज्याला गुणक म्हणतात तो काही फक्त मोठ्या धरणांना आणि कारखान्यांनाच लागू पडतो असे नाही.

येथे कोणी म्हणेल, की गिऱ्हाईकच पाकीट मागते, त्याला काय करावयाचे? गिऱ्हाइकाची आवड आकाशातून पडत नाही. पाकीट खपते त्याला तीन कारणे आहेत. ते नासत नाही, म्हणून विक्रेत्याला उरल्या मालाची भीती नसते. त्यावर किंमत छापलेली असते, म्हणून परक्या गावात फसवणूक होत नाही. आणि ते बंद असते, म्हणून निदान स्वच्छतेचा भास तरी होतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून बंद पाकिटातील फरसाणावरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर, आणि बाटलीबंद पाण्यावरील १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. ग्राहकाला दिलासा मिळाला हे खरे. पण करकक्षेबाहेर असलेल्या घरगुती विक्रेत्याला त्या फरकाने जी थोडीशी सावली मिळत होती तीही आखूड झाली, हे त्या वेळी कोणी बोलले नाही. धारेच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या तीर्थावर पाणी बाटलीतून विकत घ्यावे लागणे, हा विनोद तर आता कोणाला विनोदही वाटेनासा झाला आहे.

भीती, फसवणूक आणि अस्वच्छता या तीन गोष्टींच्या मुळाशी एकच कारण आहे, आणि ते जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन उलगडून दाखविले. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला तो या विचारासाठी. विकणाऱ्याला मालाची प्रत ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. अशा बाजारात चांगल्या मालाला चांगला भाव मिळत नाही आणि हळूहळू चांगला माल बाजारातून निघून जातो. यात्रा हे याचे शालेय उदाहरण म्हणावयास हरकत नाही. यात्रेकरू आज आहे, उद्या नाही. विक्रेता यंदा या कोपऱ्यावर आहे, पुढल्या वर्षी कोठे असेल त्याचे त्यालाच ठाऊक नाही. जळके तेल बदलण्याचा खर्च करणाऱ्याला त्याचे फळ कधी मिळावयाचे? याउलट गोडीशेवेचा तो जुना व्यापारी पाहा. त्याचे पाल दरवर्षी बहुधा त्याच जागी, आणि गिऱ्हाइके त्याला ओळखून येतात. म्हणून त्याची शेव खवट निघत नाही. त्याच्यात आणि वडापाववाल्यात नीतिमत्तेचा फरक नाही. फरक आहे तो जागेच्या शाश्वतीचा.

ही गोष्ट नीट समजावयाची असेल तर ज्या देशांत रस्त्यावरचे खाणे प्रतिष्ठित झाले आहे त्यांच्याकडे पाहावे लागेल. नेदरलँड्स आणि बेल्जियमचा डचभाषी फ्लँडर्स प्रांत हे श्रीमंत प्रदेश. तेथे उच्चशिक्षणासाठी वा नोकरीसाठी जाणाऱ्या मराठी मुलांना प्रथम आश्चर्य वाटते ते तेथील माणसांच्या उभ्याने खाण्याचे. कागदी शंकूत तळलेल्या बटाट्याच्या फोडी, कांदा घातलेला कच्चा हेरिंग मासा, किंवा भिंतीतल्या काचेच्या खणात नाणे टाकून काढलेली गरम क्रोकेट. ज्या बटाट्याला तेथे ‘पाटात’ म्हणतात त्याच शब्दाचे पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणलेले भावंड म्हणजे आपला ‘बटाटा’. दोघांचेही मूळ अमेरिकेत आहे. म्हणजे ते खाणेही काही तेथल्या मातीत अनादिकालापासून उगवलेले नव्हे. परंतु फ्लँडर्समधील बटाट्याची टपरी गावाच्या चौकात, नगरपालिकेच्या परवान्याने, एकाच जागी वर्षानुवर्षे उभी असते. गाव तिला नावानिशी ओळखते, आणि तेल वाईट असेल तर तेही गावभर होते. फ्लँडर्सच्या शासनाने २०१४ मध्ये या टपरी-संस्कृतीला अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. सिंगापूरने १९७१ ते १९८६ या काळात रस्त्यावरील फेरीवाल्यांना हुसकावून न लावता नळ, मोरी आणि छप्पर असलेल्या केंद्रांत जागा दिल्या. २०२० साली युनेस्कोने त्या खाद्यसंस्कृतीची अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. दोन्हीकडे आधी जागा मिळाली, मग नळ आला, आणि कीर्ती सर्वांत शेवटी आली. आपल्याकडे मात्र प्रथम तपासणी पथक येते.

कायद्यांची तर आपल्याकडे उणीव नाही. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा. २०११ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली, आणि चहाच्या टपरीसही त्याने नोंदणीच्या कक्षेत आणले. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा कायदा २०१४ चा. परंतु त्यातील ‘स्थानिक प्राधिकरण’ या संज्ञेत महानगरपालिका, नगरपरिषदा, नगरपंचायती, छावणी मंडळे येतात, ग्रामपंचायत येत नाही. पथविक्रेत्यांना विनातारण कर्ज देणारी २०२० ची केंद्रीय योजनाही मूलतः शहरांसाठी आखलेली. जणू खेड्यात कोणी रस्त्यावर काही विकतच नाही! सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी त्याच वर्षी आलेल्या योजनेत भांडवली खर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळते. परंतु चार दिवसांच्या यात्रेत एक चूल आणि एक परात घेऊन बसणाऱ्या बाईला भांडवली खर्चाचा प्रकल्प-अहवाल कोण करून देणार? बंधने मात्र तिला सगळी लागू. प्लॅस्टिक आणि थर्मोकोलच्या ताटल्या राज्यात २०१८ पासून निषिद्ध आहेत, आणि ते योग्यच आहे. छापील वर्तमानपत्रात भजी बांधू नयेत, अशी सूचना अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वारंवार दिलेली आहे. (वर्तमानपत्रांच्या या उपयोगाबद्दल वर्तमानपत्रातच लिहिताना थोडा संकोच वाटणे स्वाभाविक आहे.) पण पळसाच्या पत्रावळी यात्रेच्या जागी ठोक भावाने उपलब्ध करून देण्याची व्यवस्था मात्र सूचनेबरोबर येत नाही.

जागा देण्याचा अधिकार ग्रामपंचायतीजवळ आहे. १९५८ च्या अधिनियमाने तिला यात्रा, बाजार यांवर कर व फी बसविता येते. अडचण अशी, की जेथे जागा लिलावाने जातात तेथे मोक्याची जागा सर्वांत जास्त बोली लावणाऱ्याकडे जाते, आणि चार दिवसांत ती बोली वसूल करावयाची तर स्वस्तात स्वस्त तेल आणि जास्तीत जास्त भाव याखेरीज दुसरा मार्ग राहत नाही. ग्रामपंचायतीच्या तिजोरीत त्या वर्षी चार पैसे अधिक पडतात, ते अखेरीस यात्रेकरूच्या घशातून काढलेले असतात.

या सर्वांहून अवघड प्रश्न माणसांचा आहे. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघू लागतात, उचल घेतलेली असते, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता समजला जातो. २०२४ मध्ये राज्याचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू करावयाचे ठरले होते, आणि त्या वर्षीची कार्तिकी पौर्णिमाही नेमकी १५ नोव्हेंबरलाच होती. म्हणजे ज्या हातांना भाकरी थापण्याचे कौशल्य आहे, त्यांतील कितीतरी हात, यात्रेकरू डोंगरात शिरत असताना, पश्चिम महाराष्ट्राच्या वा कर्नाटकाच्या फडांत पोचलेले असतात. चार दिवसांच्या धपाट्यांच्या विक्रीने हे स्थलांतर थांबेल असे कोणी म्हणू लागले तर त्यास अडाणी म्हणावे लागेल. सहा महिन्यांच्या उपजीविकेची बरोबरी चार दिवस करू शकत नाहीत. परंतु मागे राहणाऱ्याही पुष्कळ असतात. वृद्ध सासवा, तान्ह्या मुलांच्या आया, शाळेतील मुलांसाठी थांबलेल्या स्त्रिया, विधवा. रोख मिळकतीची सर्वांत कमी साधने त्यांच्याजवळ असतात, आणि ‘उमेद’ अभियानाखाली २०११ पासून उभे राहिलेले स्वयंसहायता गट त्यांच्यापर्यंत पोचलेलेही आहेत. हे गट शहरांतील प्रदर्शनांत चटण्या-पापड घेऊन जातात. मग घराजवळ आपोआप जमणाऱ्या या प्रचंड गिऱ्हाइकापुढे ते का नसावेत?

फळाच्या बाबतीत तर निसर्गानेच सोय करून ठेवली आहे. बालाघाटचे सीताफळ. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. प्रवासात खावयास याहून सोयीचे फळ कोणते? वेष्टन स्वतःचे, सुरी नको, ताटली नको, साल टाकली तर गाय खाते. अडचण एकच, की पिकले की दोन-तीन दिवसांत ते संपविले पाहिजे, म्हणून दूरच्या बाजारात शेतकऱ्याला पडत्या भावाने ते द्यावे लागते. जे फळ टिकत नाही त्याच्यासाठी झाडाखाली चालून आलेले गिऱ्हाईक हे सर्वांत चांगले गिऱ्हाईक. कार्तिकीपर्यंत हंगाम उतरणीला लागलेला असतो, तरी उशिराची फळे असतात, आणि गर काढून ठेवला तर पुढेही चालतो. मांजरसुंब्याच्या नाक्यावरील रबडी प्रवाशांच्या चांगल्या परिचयाची आहे. पलीकडे धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये मानांकन मिळाले. दूध आहे, खवा आहे, सीताफळ आहे, आणि तरीही कपिलधारेहून घरी नेण्याचा खाऊ म्हणून सांगावा असा एकही पदार्थ रूढ झालेला नाही. तामिळनाडूतील पळणीच्या पंचामृताला २०१९ मध्ये आणि तिरुपतीच्या लाडवाला त्याच्याही दहा वर्षे आधी मानांकन मिळाले. तेथील देवस्थाने लहान नाहीत हे मान्य. पण पदार्थाचे नाव स्थानाशी जोडले जाण्यास देवस्थान मोठे असावे लागत नाही. तो दरवर्षी तेथेच आणि तसाच मिळावा लागतो.

करण्यासारखे आहे ते फार खर्चाचे नाही. यात्रेच्या जागेतील काही भाग, निदान तिसरा हिस्सा, लिलावातून वगळून पंचक्रोशीतील कुटुंबांना आणि गटांना ठराविक माफक फीवर चिठ्ठ्या टाकून द्यावा, आणि ज्याला जागा मिळाली त्याला ती पाच वर्षे राहावी. जागेला क्रमांक असावा व तो पाटीवर रंगविलेला असावा, म्हणजे वाईट खाल्लेला यात्रेकरू तक्रार करू शकेल आणि चांगले खाल्लेला पुढल्या वर्षी तेथेच येईल. यात्रेतून यात्रेत फिरणाऱ्या जुन्या व्यापाऱ्यांना यातून हुसकावू नये. तेही गरीबच आहेत आणि त्यांची जागा त्यांनी वर्षानुवर्षांच्या येण्याने कमावलेली आहे. पाच वर्षांची मुदत त्यांनाही द्यावी. पाच वर्षांनी मक्तेदारी होईल ही शंका रास्त आहे, म्हणूनच मुदत पाच वर्षांची, कायमची नव्हे. या रांगेच्या टोकाला शुद्ध पाण्याचा नळ, भांडी घासण्याची मोरी, आणि यात्रेपूर्वी एक दिवस अन्नसुरक्षेच्या नोंदणीचे शिबिर. अधिकाऱ्याने दंडाची पावती-पुस्तके घेऊन यात्रेत येण्यापेक्षा नोंदणीचे कागद घेऊन आधी यावे.

राहता राहिला उरलेल्या मालाचा धोका, आणि खरे घोडे येथेच पेंड खाते. पाकीट संध्याकाळी पुन्हा पोत्यात भरता येते, थापलेली शंभर धपाटी भरता येत नाहीत. पहिल्या वर्षी माल अंगावर पडला तर दुसऱ्या वर्षी ती बाई येणार नाही, आणि मग साऱ्या योजनेचा अहवाल ‘प्रतिसाद मिळाला नाही’ या वाक्याने संपेल. या ठिकाणी दासोहाची परंपरा उपयोगी पडू शकते. दिंड्यांना सकाळचा नाश्ता देणारे दाते पीठ, तेल, आचारी सर्व काही बाहेरून आणतात. त्यांनी त्या नाश्त्याचा काही भाग, चौथा हिस्सा म्हणा, स्थानिक गटांकडून आगाऊ मागणी नोंदवून घ्यावा, आणि आदल्या संध्याकाळी उरलेली धपाटी, दशम्या ठरलेल्या भावाने दुसऱ्या सकाळच्या पंगतीसाठी उचलावीत. दुसऱ्या दिवशीही चांगले राहणे हाच तर या पदार्थांचा गुण आहे. दात्याच्या खर्चात याने फारशी वाढ होत नाही. विकणारीला मात्र आधीच ठाऊक असते, की थापलेले फुकट जाणार नाही. असा ठराव करावयास शासनाचा निर्णय लागत नाही, अनुदान लागत नाही. अन्नदाते, गट आणि ग्रामपंचायत यांची एक बैठक श्रावणात झाली, तर कार्तिकापूर्वी ज्वारी दळून ठेवण्यास पुरेसा अवधी मिळतो.